दुसऱ्या खुर्चीवर जागा नाही

९ ऑगस्ट

बाबा,

नमस्कार. पाकीट बघून कपाळाला आठी पडली असेल तर आधी ती पुसा, मी काही मागायला लिहीत नाहीये. फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही एक अक्षर न बोलता फोन आईच्या हातात देता. पत्राचं तसं करता येत नाही. पाकिटावर नाव तुमचं आहे.

निघताना तुम्ही म्हणालात, "जा. पण परत येऊन खुर्ची मागू नकोस." ते मी विसरलेले नाही. तुम्हाला राग का आला तेही मला कळतं. पोरगी पुरुषांच्या दाढ्या करणार म्हणून सगळी गल्ली नाकं मुरडत होती, तेव्हा तुम्ही भर दुपारी दुकानाचं दार सताड उघडं ठेवून माझ्यापुढे बसलात आणि स्वतःचा गळा माझ्या वस्तऱ्याखाली दिलात. माझी पहिली दाढी तुमची. मग आपल्या दोन खुर्च्यांतली दुसरी माझी झाली. जिच्यासाठी एवढं केलंत तीच नर्स व्हायचं म्हणून उठून गेली. मी तुमच्या जागी असते तर मीसुद्धा फोन आईच्या हातात दिला असता.

पण सुरुवात तुम्हीच करून दिलीत. अंथरुणाला खिळलेल्या गणिताच्या मास्तरांची दाढी करायला तुम्हीच मला त्यांच्या घरी पाठवायचात. एकदा उशी सरकवताना त्यांच्या पाठीवरची जखम दिसली. त्यांच्याकडे येणाऱ्या सिस्टरांनी कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. त्यानंतर दर खेपेला निघताना वाटायचं की गाल गुळगुळीत करून दिले आणि पाठ तशीच सोडून आले. तेच डोक्यात बसलं.

नर्सिंगच्या शाळेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "आधी वर्षभर आजारी माणसांची कामं कर. घाण काढ, शिव्या खा. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी चांगलं सांगितलं आणि तरीही तुला यायचं असेल, तर ये. अर्ध्यात पळणाऱ्या मुली आम्हाला नकोत." म्हणून मी इथे आहे. ज्यांचं घरी करायला कुणी नाही, अशा म्हाताऱ्या माणसांचं हे शुश्रूषागृह. मी मदतनीस. अंघोळ घालते, भरवते, कूस बदलते, भांडं देते आणि भांडं नेते. पहिल्या आठवड्यात जेवण जात नव्हतं, आता भांडं धुऊन आले की भूकच लागते.

एक विचारायचं होतं. ज्यांचे सगळे दात गेलेत आणि गाल आत बसलेत, त्यांची दाढी कशी करायची? वस्तरा खळग्यात उतरतच नाही. तुम्ही मला सगळं शिकवलंत, हे राहिलं.

तुमची,
मी


२ नोव्हेंबर

बाबा,

नमस्कार. उत्तर नाही. आई म्हणते, पत्र आलं की तुम्ही ते आरशामागे खोचता. खोचा. आरशामागे तुम्ही पंख्याच्या दुरुस्तीचा कागदही खोचला होतात आणि तो पंखा अजून करकरतो.

इथे सगळे मला 'सलून' म्हणतात. "सलून, इकडे ये", "सलून, माझी चप्पल कुठंय". दोष माझाच. आले त्या आठवड्यात एका आजोबांच्या कानातले केस काढून दिले आणि झालं, रांग लागली. आता कामं उरकली की दुपारी व्हरांड्यात मी दाढ्या करते. प्रत्येकाला नवं ब्लेड, प्रत्येकाला धुतलेला टॉवेल. मोठ्या सिस्टरांनी ते दोनदा येऊन बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे इथे बक्षीस समजतात. माझं सगळं त्यांच्या एका शब्दावर आहे, म्हणून त्या समोर आल्या की मी उगाच हात धुवायला जाते.

दुकानातलं किती उपयोगी पडतं म्हणून सांगू. हनुवटीला दोन बोटं लावली की मान आपोआप वळते, हे इथे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. माणूस खुर्चीत झोपला तर खांद्याला हात लावून उठवायचं, हाक मारून नाही, हेही. आपले शिंपीकाका आठवतात ना, तोंड उघडं टाकून घोरायचे आणि साबणाचा फेस आत जायचा. इथे तसे चार-पाच आहेत. आणि बेकरीवाल्या काकांच्या डोक्यातला कोंडा बघितलेल्या माणसाला जगात कशाचीच किळस वाटत नाही. तेवढ्यासाठी त्यांचे उपकार मानायला हवेत.

पण एकापुढे मी हात टेकले. खिडकीकडच्या ओळीत एक आजोबा आहेत, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळवाले म्हणतात. ऐकू जवळजवळ येत नाही आणि तोंडात एक दात नाही. गाल असे आत गेलेत की दोन्ही बाजूंना वाटी मावेल. एकदा प्रयत्न केला आणि रक्त काढलं. ते हसले, मला मात्र रडू आलं. तेव्हापासून त्यांची दाढी मी सोडूनच दिली आहे. म्हणून पुन्हा विचारते. माझ्यावर रागवा, पण त्यांच्या गालांवर कशाला?

तुमची,
मी


१८ फेब्रुवारी

बाबा,

आज नमस्कारसुद्धा नीट लिहवत नाही. 

घड्याळवाल्यांच्या शेजारच्या पलंगावर एक आजोबा आहेत, इथले दाढीवाले. छातीपर्यंत पांढरी दाढी. त्यांना मधुमेह आहे, रोज नाश्त्याआधी साखरेची गोळी असते. परवा दुपारी ते म्हणाले, "लेक यायची आहे. तिनं मला असं कधी बघितलेलं नाही. काढून टाक सगळी, तिला बाप ओळखू येऊ दे." मी मन लावून काढली, बाबा. तुम्हीसुद्धा मान हलवली असतीत. दाढीखालून दुसराच माणूस निघाला, दहा वर्षांनी तरणा. मला इतका आनंद झाला की झाडलोट करून, गुणगुणत मी खोलीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदलीवर नवीन सिस्टर आल्या. रात्रपाळीवाल्या सिस्टरांनी जाताना सांगितलं, "खिडकीकडच्या दाढीवाल्यांना साखरेची गोळी." इथे सगळे एकमेकांना असेच ओळखतात, घरातल्यासारखे. नवीन सिस्टर नाश्त्याच्या टेबलापाशी आल्या. खिडकीकडच्या ओळीतला दाढी असलेला माणूस एकच होता. घड्याळवाले. मी कितीतरी महिने सोडून दिलेले.

त्यांनी हातावर गोळी ठेवली आणि घड्याळवाल्यांनी गिळली. त्यांना कुणी काहीही दिलं तरी ते गिळतात, नाही म्हणायची त्यांना सवयच नाही. मग दुसऱ्या टोकाकडून गुळगुळीत तोंडाचे आजोबा म्हणाले, "सिस्टर, आज माझी गोळी विसरलात का?"

मी भांडी उचलत होते. मला एका क्षणात कळलं. हातातलं ताट तिथेच सुटलं. मी ओरडले, "ती गोळी त्यांची नव्हती!"

मधुमेह नसलेल्या म्हाताऱ्या माणसानं ती गोळी घेतली तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. माणूस बेशुद्ध पडू शकतो, जाऊही शकतो. डॉक्टर आले. दर थोड्या वेळानं बोटाला सुई टोचून साखर बघायची आणि गोड काहीतरी पाजत राहायचं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तू इथे बस. हलायचं नाही." मी दिवसभर त्यांचा हात धरून बसले. आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि हे महाराज खूश. साखर घातलेलं दूध, मध, मुरंबा. बोटाला सुई टोचली की दुसरं बोट पुढे करायचे. दुपारी साखर बरीच खाली गेली, त्यांना घाम फुटला, डोळे मिटायला लागले. तेव्हा मी मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत साखर वर आली आणि टिकली. डॉक्टर म्हणाले, "धोका टळला, तरी आज रात्रभर लक्ष ठेवा." जिवात जीव आला म्हणजे काय ते मला कालच समजलं.

मग मोठ्या सिस्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि आमची बिनपाण्यानं केली. तुम्ही हसाल, पण मला त्या शब्दाचा अर्थही कालच कळला. नवीन सिस्टरांना म्हणाल्या, "तुम्ही नाव विचारलं नाही, पलंगावरची पाटी बघितली नाही." मला म्हणाल्या, "आणि तू माणूसच बदलून ठेवलास आणि कुणाला सांगितलं नाहीस. हे तुझं दुकान नाही. दुकानातून गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं घरी जातं आणि स्वतःचं नाव स्वतः सांगतं." माझा वस्तरा त्यांनी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. शाळेला काय सांगायचं ते आता नंतर बघू म्हणाल्या.

बाबा, मी तुम्हाला दोष देत नाहीये. गालांचं तुम्ही कळवलं असतं तर त्यांची दाढी वाढली नसती, हे मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण तो विचार मी लगेच हाकलला. त्यांना सोडून दिलं मीच. जमत नाही म्हणून त्या पलंगाकडे बघणंच बंद केलं. आणि जिला एका आजोबांचे गाल झेपत नाहीत तिनं नर्स व्हायची भाषा करू नये.

मागू नकोस म्हणाला होतात, तरी मागते. दुसरी खुर्ची अजून आहे ना? पुढच्या महिन्यात येते. गल्ली हसली तर हसू दे. तुम्ही हसू नका म्हणजे झालं.

तुमची,
मी


६ मार्च

बाबा,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांनी आलेलं ते पहिलं अक्षर. पाठ आहे, तरी लिहिते:

"दुसऱ्या खुर्चीवर जागा नाही. तिथेच राहा. गालात आतून बोट घालायचे व गाल बाहेर ढकलायचा. दुसऱ्या हाताने वस्तरा. घाई नको."

सही नाही, आशीर्वाद नाही.

जागा नाही, हे वाचलं आणि जिन्यातच बसले. वाटलं, झालं, बाबांनी दुसरा माणूस ठेवला. तेवढ्यावर रडून घेतलं. नाक पुसून आईला फोन केला आणि विचारलं, "कुणाला ठेवलंय?" आई म्हणाली, "कुणाला कशाला? अगं, तुझं पत्र आलं की दुकानात पाय ठेवायला जागा नसते."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. गुपित फोडल्यासारखी हळू आवाजात सांगत होती, आणि हसत होती. तुम्ही म्हणे पत्र आरशामागे खोचता ते खरंच, पण आधी पोस्टमनकाकांना दुसऱ्या खुर्चीत बसवता आणि त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेता. कारण काय, तर चष्मा लावून वस्तरा धरता येत नाही. मग बेकरीवाले काका येतात, शिंपीकाका येतात. केस कापून झाले तरी कुणी उठत नाही. मागचं पत्र ऐकायला राहिलं असेल तर ते आरशामागून काढून पुन्हा वाचतात. फेब्रुवारीतलं पत्र वाचताना गोळी गिळली तिथे तुम्ही वस्तरा खाली ठेवलात, आणि धोका टळला म्हटल्यावर सगळ्यांसाठी चहा मागवलात. पण 'गालांचं तुम्ही कळवलं असतं तर' हे वाक्य आलं तेव्हा तुम्ही म्हणे मागच्या खोलीत निघून गेलात आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच बसून राहिलं. मग बाहेर आलात ते कार्ड लिहूनच.

बाबा, राग येतोय, हसू येतंय आणि खूप बरं वाटतंय. मी मेली जीव तोडून तुम्हाला एकट्याला लिहितेय आणि तुम्ही गाव गोळा करून ऐकताय.

बेकरीवाल्या काकांची माफी मागते. काका, कोंडा आता कमी असेल. शिंपीकाका, तुमचीही.

बाकीचं सांगते. कार्ड घेऊन मी मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेले आणि ते त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, उलटून बघितलं, परत वाचलं. म्हणाल्या, "कोण हे?"

"माझे वडील. न्हावी आहेत."

"बोट आत घातलं आणि चावले तर?"

"दात कुठायत त्यांना, सिस्टर?"

त्यांना मी पहिल्यांदा हसताना बघितलं. कपाट उघडलं, वस्तरा काढला आणि म्हणाल्या, "माझ्यासमोर."

मी हातमोजा घातला. घड्याळवाल्यांना खुणेनं विचारलं, त्यांनी मान डोलावली. बोट गालात घातलं, बाहेर ढकललं, आणि तो खळगा भरून आला, बाबा. फुग्यासारखा ताठ. वस्तरा असा गेला की आवाजही झाला नाही. दुसरा गाल. मग ओठाखाली. रक्ताचा थेंब नाही. मधेच त्यांनी माझं बोट हिरड्यांत धरून ठेवलं, गमतीनं. म्हणजे चावले म्हणायचं.

झाल्यावर मी आरसा दाखवला. ते कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिले आणि स्वतःच्याच गालावरून हात फिरवत राहिले. मी तोंड दुसरीकडे केलं, कारण सिस्टरांपुढे रडायचं नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "आता चाकाच्या खुर्चीत बसव आणि सगळीकडे फिरव. सगळ्या सिस्टर, स्वयंपाकघर, कपडे धुणाऱ्या, दारावरचा वॉचमन. प्रत्येकाला तोंड दाखव आणि नाव सांग, खरं नाव. यापुढे वस्तरा लागला की हे करायचंच. आणि गोळी देणाऱ्यानं तरीही नाव विचारायचं."

म्हणून आता इथे हा नियम आहे. दाढी झाली की माणसाची घरभर वरात. घड्याळवाल्यांना स्वयंपाकघरात नेलं तर स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "अगबाई, हे तर छान दिसतात." त्यांना ऐकू आलं नाही, पण कळलं. दुसऱ्याच दिवशी परत दाढी करून मागितली.

मी येत नाहीये, बाबा. खुर्चीत बसलेत त्यांनाच बसू द्या.

तुमची,
मी


११ जून

बाबा, आणि दुकानात बसलेले सगळे,

नमस्कार. पोस्टमनकाका, आधी पाणी प्या. शिंपीकाकांना उठवा, खांद्याला हात लावून.

मला प्रवेश मिळाला.

आता चहा मागवला असेल, तो येईपर्यंत पुढचं सांगते. मोठ्या सिस्टरांनी शाळेला काय सांगितलं ते मला त्यांनी सांगितलं नाही. पण मुलाखतीला गेले तर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "ती बोट घालणारी तूच का?" दोघी-तिघी हसल्या. मग त्यांनी गोळीचंही विचारलं. मी झालं तसं सांगितलं, कुठेही सारवासारव नाही. बाईंनी विचारलं, "मग पळाली का नाहीस?" मी म्हटलं, "पळत होते. घरी जागा नव्हती." त्यांना कळलं नाही, तरी त्यांनी पाणी पुढे केलं. बाहेर आले तेव्हा खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. रस्त्यात उभी राहून एकटीच हसत होते. एका बाईंनी पोराला माझ्यापासून लांब ओढलं.

घड्याळवाले मजेत आहेत. त्यांनी भिंतीवरचं बंद घड्याळ काढून मागितलं आणि सुरू करून दिलं. ते थोडं पुढे जातं, पण चालतं. दाढीवाल्यांनी पुन्हा दाढी वाढवायला घेतली आहे, म्हणजे तोंड पुन्हा बदलत जाणार, म्हणून दर आठवड्याला त्यांचीही वरात. शाळा सुरू झाली की मी सुटीच्या दिवशी इथे येणार आहे. वस्तरा इथेच ठेवलाय.

काका, इथे थांबा. इथून पुढचं मोठ्यानं वाचायचं नाही. कागद बाबांच्या हातात द्या आणि त्यांना चष्मा लावू द्या.

लावलात?

बाबा, तुम्ही माझ्या हातात वस्तरा दिलात आणि मी तो टाकून गेले, असं तुम्हाला वाटलं असेल. वर्षभर मला तेच खात होतं. टाकला नाही. अजून दुसऱ्याच्या गळ्याशी हात नेताना तुमचाच गळा आठवतो, आणि हात आपोआप हलका होतो. तुम्ही त्या दिवशी डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं होतं भीतीनं मिटलेत. आता रोज माझ्यापुढे माणसं तशी डोळे मिटून बसतात आणि मला ठाऊक आहे की भीतीनं नाही.

तुमची फार आठवण येते. राग गेला असेल तर सांगू नका, नुसते या. पुढच्या सोमवारी, दुकान बंदच असतं. घड्याळवाल्यांना मी सांगून ठेवलंय की ती युक्ती ज्यांची आहे ते येणार आहेत. त्यांची दाढी त्या दिवशी तुम्ही करायची आणि तुमची मी.

मग मी तुम्हाला घरभर फिरवून आणणार. सिस्टर, स्वयंपाकघर, कपडे धुणाऱ्या, वॉचमन. नको म्हणू नका, इथला नियम आहे. दाढी झाली की तोंड सगळ्यांना दाखवायचं आणि कोण ते सांगायचं. तुमचं मी सांगेन.

वाचून झालं की कागद पोस्टमनकाकांना परत द्या, नाहीतर ते रुसतील. शेवटी सगळ्यांना नमस्कार लिहिलाय, तेवढा त्यांना वाचू द्या.

सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
सलून